आरसी क्रॉलरमध्ये बाहेरचा बीईसी जोडताना लाल वायर नेमकी कोणती कापायची?

कापायची म्हणाल तर कुठलीच नाही. (क्रॉलर म्हणजे दगडांवरून चढणारी रिमोटची गाडी, आणि बीईसी म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारं सर्किट; एक स्पीड कंट्रोलरमध्ये असतोच.) स्पीड कंट्रोलरमधून (मोटरचा वेग सांभाळणारा) रिसीव्हरकडे (रिमोटचा सिग्नल घेणारा) जाणाऱ्या तीन तारांच्या केबलमधली लाल पिन काढून ठेवतात, आणि तीही एकाच प्रकारच्या जोडणीत. तुमच्या गाडीला मी दुसरी जोडणी सुचवेन. तिच्यात त्या लाल वायरला हात लावायचा नसतो.

तुम्ही लिहिलंय की गाडी १/१० क्रॉलर, ३एस लायपो (तीन सेलची लिथियम बॅटरी), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) नवा, ७.४ व्होल्टचा, ३५ किलो जोराचा. चाक दगडात अडकलेलं असताना स्टिअरिंग फिरवलं की सगळी गाडी क्षणभर बंद पडते. मोटरवर संशय घेऊ नका. असा सर्व्हो अडकला की ५ अँपियरच्या घरात सहज जातो आणि तुमच्या कंट्रोलरमधला बीईसी आहे ३ अँपियरचा. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद पडतो, सिग्नल गेला म्हणून कंट्रोलर मोटर थांबवतो. रिसीव्हर पुन्हा रिमोटशी जुळला की गाडी हलते. पुढची चाकं हाताने घट्ट धरा, कुणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि रिसीव्हरच्या दिव्याकडे बघा. दिवा लुकलुकला तर निदान पक्कं.

दुकानदार अशा वेळी कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) देतात. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये (प्लग लावायच्या जागेत) खोचायचा, ४७०० मायक्रोफॅरडचा वगैरे. तो क्षणिक झटका सांभाळतो. दगडाशी दोन-तीन सेकंद झुंजणाऱ्या सर्व्होपुढे त्याचा काही निभाव लागत नाही.

आता जोडण्या. पहिली, सगळीकडे दिसणारी: बीईसीची इनपुट बॅटरीला, आउटपुट रिसीव्हरच्या बॅटरी किंवा रिकाम्या चॅनेलला. इथे कंट्रोलरची लाल पिन काढावीच लागते, नाहीतर दोन बीईसी रिसीव्हरमधल्या एकाच लाल (पॉझिटिव्ह) पट्टीवर येतात. दोघांचं व्होल्टेज तंतोतंत सारखं कधीच नसतं. मग एकच सगळा भार उचलतो, किंवा जास्त व्होल्टेजवाला दुसऱ्यात उलटा प्रवाह ढकलतो. सुईच्या टोकाने कनेक्टरची प्लास्टिकची जीभ अलगद उचला, लाल पिन मागून ओढा, तिच्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून केबलवर दुमडून ठेवा. उद्या पूर्ववत करता येतं. काळी मात्र काढायची नाही, कारण सिग्नल मोजला जातो तो तिच्याच संदर्भाने.

पण या जोडणीत बीईसी ७.४ व्होल्टवर ठेवला तर रिसीव्हर आणि त्यात खोचलेलं सगळं ७.४ वर जातं. रिसीव्हरला चालत असेलही (त्याच्यावरची मर्यादा वाचा), पण ६ व्होल्टचे दिवे किंवा पंखा चॅनेलवर लावलेला असेल तर तो जळू शकतो. शिवाय सर्व्होचा सगळा प्रवाह रिसीव्हरच्या बारीक पिनांमधून जातो, हे मला मुळातच पटत नाही.

म्हणून दुसरी. सर्व्होची लाल आणि काळी थेट बीईसीच्या आउटपुटला. रिसीव्हरच्या स्टिअरिंग चॅनेलमधून फक्त सिग्नल आणि काळी सर्व्होकडे. लाल जोडायची नाही. रिसीव्हर आपला पूर्वीसारखाच कंट्रोलरच्या बीईसीवर चालतो, त्यामुळे कंट्रोलरची लाल जागच्या जागी. निगेटिव्ह सगळे एकत्र, पॉझिटिव्ह मात्र वेगळे. आता सर्व्हो कितीही अडकला तरी रिसीव्हरला त्याचा पत्ता नसतो.

इनपुट कुठून घ्यायची? कंट्रोलरच्या बॅटरी प्लगच्या टर्मिनलवरच सोल्डर करा. काहीजण सोल्डर टाळायला लायपोच्या बॅलन्स प्लगवरून (सेल समान चार्ज करायचा छोटा प्लग) घेतात. तारा बारीक असतात हे एक, आणि दुसरं जास्त वाईट: मुख्य प्लगचा निगेटिव्ह ढिला झाला तर मोटरचा प्रवाह परतीची वाट शोधत रिसीव्हरची काळी, बीईसीची काळी असं करत त्या बारीक तारेतून जाऊ बघतो.

बीईसी स्विचिंग प्रकारचाच आहे ना, ते बघून घ्या. लिनियर असेल तर वरचं व्होल्टेज तो नुसतं तापून घालवतो. भरलेली ३एस १२.६ व्होल्ट, आउटपुट ७.४ आणि प्रवाह ३ अँपियर धरला तर १५ वॉटहून जास्त उष्णता, काडेपेटीएवढ्या डब्यात. स्विचिंगवाला थंड राहतो, पण थोडा विद्युत गोंगाट करतो, म्हणजे रेडिओ सिग्नलमध्ये अडथळा आणतो. रिसीव्हरच्या अँटेनापासून लांब बसवा आणि फेराइट रिंग (हा गोंगाट दाबणारं कडं) दिली असेल तर तारेचे वेढे तिच्यातून घ्या.

सर्व्हो जोडण्याआधी आउटपुट मल्टिमीटरने मोजा. बीईसीवरचा व्होल्टेज निवडायचा जंपर कधीकधी ८.४ वर राहिलेला असतो आणि ते कळेपर्यंत सर्व्होचा वास येतो.

एक सवय मात्र बदलावी लागेल. कंट्रोलरचं बटण बंद केलं तरी हा बीईसी चालूच असतो, कारण तो बॅटरीवर थेट बसलाय. कंट्रोलरचा लायपो कटऑफ (बॅटरी उतरल्यावर चालणारी सोय) फक्त मोटर थांबवतो, याला नाही. गाडी तशीच कपाटात राहिली तर बॅटरी हळूहळू सेलमागे ३ व्होल्टच्या खाली जाते आणि फुगते. फिरवून आणली की प्लग काढायचा, किंवा बीईसीच्या इनपुटच्या लाल तारेत छोटा स्विच टाकायचा, १० अँपियर झेपणारा.