घरी बांधलेल्या शिडाच्या होडीला रंग आधी द्यावा की सामान आधी बसवावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत घरामागे 14 फुटी मरीन प्लायची होडी बांधून झाली आहे, बाहेरून काचकापड आणि इपॉक्सीही (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) झालंय. आता रंग आधी की क्लीट (दोर अडकवायचे खुंट), कप्प्या, सुकाणू आधी, आणि रंग कुठला, हा प्रश्न आहे.

सामान आधी बसवा, सगळं परत काढा, रंग पूर्ण करा आणि मग कायमचं बसवा. दुप्पट काम वाटेल, पण आपल्या भागात ते टाळू नका. मी बेळगावचा, माझी होडी हिडकल धरणाच्या गोड्या पाण्यात चालते. कारवारच्या लाकडी होड्यांना खाऱ्या पाण्यातल्या किड्याची भीती असते, आपल्याला बुरशीची. खारं पाणी या बुरशीला मानवत नाही. गोडं पाणी आणि पाऊस मात्र तिला हवाच असतो. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजायला सुरुवात होते. आणि ही ओल धड रंगातून फारशी आत जात नाही, जाते ती स्क्रू-बोल्टच्या भोकांतून. तिथे प्लायचे सगळे थर उघडे पडलेले असतात.

म्हणून प्रत्येक भोक असं करा. 6 मिमीचा बोल्ट असेल तर 10 मिमीचं भोक पाडा. खालून टेप लावा. आतल्या कडांना आधी नुसतं पातळ इपॉक्सी पाजा, प्लाय ते पिऊन घेईल. मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी मेडिकलमधल्या सिरिंजने काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी बरोबर मध्यावर 6 मिमीचं भोक. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सी आहे, लाकूड कुठेच दिसत नाही. भोकाचं तोंड वरून थोडं पसरट करा, म्हणजे तिथे सीलंटचं कडं बसतं. रंगानंतर बोल्ट बसवताना नट आधी हाताने आवळता येईल तेवढाच आवळा. सीलंट वाळल्यावर डोकं धरून ठेवून फक्त नट फिरवा. सुरुवातीलाच पान्याने आवळलंत तर सीलंट सगळं बाहेर येतं. सीलंट पीयूचं (पॉलीयुरेथेनचं) घ्या. सिलिकॉन होडीजवळ आणूच नका, त्याचा अंश जिथे राहतो तिथे पुढे कधीही रंग धरत नाही.

रंगाचा हंगाम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. पुढे वारा आणि तांबडी धूळ, मग वळीव. थंडीत सकाळी दव असतं, तेव्हा लाकूड हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि दुपारी तीननंतर नवा हात सुरू करू नका. ओल्या टू-पॅक रंगावर (रंग आणि हार्डनर मिसळून लावायचा) दव पडलं की चकाकी जाते.

घासण्याआधी इपॉक्सी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा. थंड, दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर साबणासारखा बुळबुळीत थर येतो. तो न धुता पॉलिश पेपर फिरवलात तर पेपर लगेच भरतो आणि रंगाला डोळे (गोल खळगे) पडतात. मग 80 नंबरचा पेपर, लांबी (पुट्टी) भरून 120, प्रायमरनंतर 220. प्रायमर टू-पॅक इपॉक्सीचाच, दोन हात. थेट इपॉक्सीवर सिंथेटिक इनॅमल मारलं तर ते कित्येक दिवस चिकटच राहू शकतं.

वरचा रंग टू-पॅक पीयू. मोटार रंगवणाऱ्यांकडे गन असते, पण घरी गनने मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमची इजा करू शकतं आणि कापडी मास्कचा काही उपयोग होत नाही. फोमचा रोलर घ्या, एकाने फिरवत जायचं, दुसऱ्याने मागोमाग कोरड्या ब्रशने हलक्या हाताने ओढायचं. आडोसा हवा, पण खिडक्या उघड्या. होडी ट्रॉलीवरून नेऊन परत आणणार असाल तर तळालाही हाच रंग चालतो, शेवाळविरोधी रंगाचा खर्च करू नका. कायम पाण्यात ठेवणार असाल तर पाण्याखालचा रंग वेगळा लागतो; पीयूला तिथे फोड येतात.

रंग फिका घ्या. साध्या हवेत सुकलेलं इपॉक्सी 50-60 अंशांना मऊ पडू लागतं आणि एप्रिलच्या उन्हात गडद निळ्या डेकवर हात ठेववत नाही. पण रंग हवाच, कारण उघड्या इपॉक्सीला ऊन खातं.

सामानाचं म्हणाल तर गोड्या पाण्याला 304 प्रतीचं स्टेनलेस स्टील पुरतं, कारवार-गोव्याला न्यायची असेल तर 316 घ्या. सुकाणूच्या बिजागऱ्या बाहेरून मागवण्याआधी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या लेथवाल्याला चित्र दाखवा, आपल्या भागात ही माणसं आहेत हे भाग्यच. क्लीट आणि डोलकाठीच्या तारांच्या पट्ट्यांखाली आतून प्लायचा ठोकळा द्या, नुसत्या वॉशरवर भार टाकू नका. डोलकाठी अॅल्युमिनियमची असेल तर स्टीलच्या रिव्हेटला सीलंट लावूनच ठोका.

जलाशयात उतरवायची परवानगी धरणावरच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि पावसाळ्यात होडी झाकून ठेवताना तरंगतं ठेवणाऱ्या हवाबंद कप्प्यांची झाकणं काढून ठेवा, खाली निचऱ्याचा बूचही उघडा. बंद कप्प्यात जून ते सप्टेंबर कोंडलेली ओल आतून लाकूड कुजवते आणि बाहेरच्या रंगावर त्याची खूणही दिसत नाही.