तुमचे प्रश्न: खाडीत घर करायचंय, जुनी यॉट घेऊ का?

प्रश्न: नोकरी संपली, मुलं पुण्यात सेटल झाली, आता मी आणि बायको जयगडच्या खाडीत बोटीवरच राहायचं म्हणतोय. एक 44 फुटी सेकंडहँड मोटर यॉट बघितलीय, फायबरची, 2004 ची युरोपियन, दोन डिझेल इंजिनं, चाललीत फक्त नऊशे तास. वर जनरेटर, वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), दोन एसी, रडार असं सगळं आहे आणि मालक या सामानाचेच जास्तीचे पैसे मागतोय. घ्यावी का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: सामानाचे जास्तीचे पैसे देऊ नका. वीस वर्षं खाऱ्या हवेत राहिलेलं सामान हा बोटीवरचा दागिना नसतो, तो तुमच्या डोक्यावरचा खर्च असतो, पैसे द्यायचे ते बॉडीचे आणि इंजिनांचे.

पण त्याच्याही आधी मला सांगा, जूनमध्ये ही बोट ठेवणार कुठे? आपल्याकडचे मच्छीमार 1 जूनला बंदी लागली की होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून टाकतात, ही वीसेक टनांची यॉट अख्खा गाव दोराला लागला तरी वर येणार नाही. खाडीत नांगरावर ठेवाल तर वरून पुराचं पाणी, त्यात ओंडके, त्यात उधाणाची ओहोटी, आणि तुम्ही दोघं आत झोपलेले. निसर्ग वादळ 2020 ला 3 जूनला आलं होतं, म्हणजे पावसाळा धड सुरू व्हायच्या आधीच. तेव्हा जेटी किंवा यार्ड पक्कं करा, मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणीचं आणि बोटीवर राहायला चालेल का ते विचारा, बोट बाहेरून आणलेली असेल तर कस्टम ड्यूटी भरल्याचे कागद मागा. यातलं एक जरी अडलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता इंजिन. वीस वर्षांत नऊशे तास ऐकून खूश होऊ नका, बोट नुसती उभी होती असा त्याचा अर्थ, आणि उभ्या डिझेलला आतून गंज चढतो, एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, सडतो, टाकीत पाणी साचून डिझेलमध्ये शेवाळासारखी घाण होते. बघायला जाल तेव्हा आधी इंजिनावर हात ठेवा, गरम असेल तर मालकाने तुमच्या आधीच चालू करून ठेवलंय, सरळ परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. गार इंजिन चालू होताना थोडा धूर चालतो, नंतर निळा राहिला तर ऑइल जळतंय, काळा राहिला तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बघावं लागेल. समुद्रात नेऊन फुल थ्रॉटलवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, कंपनीने सांगितलेला आरपीएम येतो का आणि टेंपरेचर चढत जातं का ते बघा. सोबत ट्रॉलरवरचा मुरलेला मिस्त्री न्या, सूटबूटवाल्या ब्रोकरपेक्षा त्याचा कान खरा. बॉडी मात्र पाण्याबाहेर काढूनच सर्व्हेयरला दाखवा, पाण्यात तरंगती बोट बघून फायबरचे फोड कोणालाच दिसत नाहीत.

राहायचं म्हणता तर खरा प्रश्न विजेचा आहे. समजा बॅटरी बँक 12 व्होल्ट 400 ॲम्पिअर-अवर आहे, म्हणजे 4.8 युनिट, त्यातही लेड ॲसिड निम्मीच वापरायची नाहीतर लवकर मरते, राहिले 2.4 युनिट. दीड किलोवॅटचा एक एसी त्यावर जेमतेम दीड तास चालेल आणि मे महिन्यातली रात्र केवढी मोठी असते ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे रात्रभर जनरेटर. तो 230 व्होल्ट 50 हर्ट्झचाच आहे ना बघा, अमेरिकेसाठी बनवलेला असेल तर 60 चा निघतो. शिवाय हे एसी समुद्राच्या पाण्यावर गार होतात, खाडीत त्यांच्या गाळण्या गाळ आणि शिंपल्यांनी सारख्या चोंदतात. मी तर एक एसी काढून छतावर सोलर लावीन.

वॉटरमेकर घरच्या आरओसारखाच असं मालक म्हणेल. तत्त्व तेच, पण खाऱ्या पाण्याला 800 पीएसआयच्या आसपास प्रेशर लागतं, आणि वापरात नसताना मेंब्रेन (मीठ गाळणारा आतला पडदा) केमिकलमध्ये भिजवून ठेवला नसेल तर तो मेलेलाच समजा. चालवून दाखव म्हणा, तेही बाहेर स्वच्छ समुद्रात, खाडीच्या गढूळ पाण्यात तो तसाही चालवायचा नसतो. जेटीला पाणी मिळत असेल तर दोघांना मोठी टाकी पुरते.

आणि गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, साठतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं. सिलिंडर डेकवर, खालून बाहेर भोक असलेल्या कपाटात नसेल तर या एकाच गोष्टीवर घासाघीस करू नका, ते आधी बदलून घ्या.

प्रश्न: मी घेतोय त्या बोटीसोबत मालक सॅटेलाइट फोन फुकट देतोय, घेऊ ना? (मालवण)

उत्तर: अजिबात नको. थुराया, इरिडियमसारखे फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, लोकांना अटक झालीय. त्यापेक्षा बोटीवर 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात सॅटेलाइटला सिग्नल पाठवणारं यंत्र) असेल तर तो घ्या, मात्र त्यात जुन्या देशाचा कोड असतो, तो बदलून स्वतःच्या नावावर नोंदवा आणि बॅटरीची तारीख तपासा. बाकी व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचं लायसन्स काढून चॅनल 16 हे संकटाचं चॅनल लावून ठेवा, आणि मोबाइलची रेंज असेल तिथे कोस्ट गार्डचा 1554.