हिब्रू शास्त्रातल्या देवाला चुकणाऱ्या माणसांची सोबत हवी असते का, की त्याला फक्त आज्ञा पाळणारे हवेत?

सोबत हवी असते. बाकीचं मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या नैवेद्याच्या, तबकापासून सांगते, कारण तुमचा हा प्रश्न आमच्या घरात तीसेक वर्षांपूर्वीच येऊन गेलाय.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. धाकटी बहीण टायफॉइडमधून उठली, तेव्हा आईचा नवस फेडायला खंडाळ्याला गेलो. लोणावळ्याचं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळा. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा आहेत, असं आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानतात. पोहे भिजवले, नारळ खवला, साखर घातली, फळं मांडली. बाबांनी तबक उचललं आणि मोठे काका सगळ्यांदेखत म्हणाले, "तू नको. शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, कामाची पाळी करतोस, रात्री पितोस. तुझ्या हातचं देवाला चालायचं नाही." बाबांनी तबक खाली ठेवलं. परतताना एसटीत ते आमच्याजवळ बसले नाहीत. अगदी मागे जाऊन बसले.

काकांना तोरा, आमचं धर्मशास्त्र, तोंडपाठ. पण ज्याच्या नावाने मलिदा मांडला होता, त्याचीच गोष्ट त्यांना त्या दिवशी आठवली नाही. हिब्रू शास्त्रातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर बालच्या पुजाऱ्यांवर जिंकलेला एलियाहू ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रानात रोतेमच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला उपदेश पाठवत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पाठवतो. हा खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. जाब विचारणं बऱ्याच नंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत: इथे काय करतोस, एलियाहू? आज्ञा मोडून बागेत लपलेल्या पहिल्या माणसाला, आदामलाही, पहिला प्रश्न असाच होता, "अय्येका", कुठे आहेस तू? लपलेला माणूस कुठे आहे ते देवाला ठाऊक नसेल होय!

इस्राएल लोकांनी देवाला सोडून सोन्याचं वासरू पुजलं, ते प्रकरण तर काकांना मी कितीदा ऐकवायला हवं होतं. देव चिडून म्हणतो, मी तुमच्यामध्ये राहून चालणार नाही, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. पुढच्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे म्हणतो, आमच्यामध्ये चल, *कारण* हे ताठ मानेचे लोक आहेत. नको म्हणायला जे कारण, तेच बोलवायला. आणि देव येतो. निर्गम या पुस्तकाच्या शेवटी देवासाठी उभारलेला तंबू त्याच्या तेजाने भरतो. लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तर स्पष्टच आहे: तो तंबू लोकांच्या अशुद्धतेच्या मधोमध उभा आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणी खाली येऊन नादाब-अबीहू काढेलच. ते दोघे याजक देवापुढे परका अग्नी घेऊन गेले आणि जळाले. उज्जा नावाच्या माणसाने देवाच्या कराराची पवित्र पेटी, म्हणजे कोश, सावरायला हात लावला आणि मेला. ही जवळीक स्वस्त नाही. शिवाय स्तोत्र ५० मध्ये देव म्हणतो, मला भूक लागली तरी तुम्हाला सांगणार नाही. म्हणजे गरज म्हणून नव्हे, मनात आहे म्हणून येतो. तरीही, तबक कुणी उचलावं हे काकांनी ठरवायचं नव्हतं.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. मागच्या वर्षी फोनवर त्याला हा एकोणिसावा अध्याय वाचून दाखवला. तो म्हणाला, "पण तुझे बाबा प्यायचे, हे खरंच होतं ना?"

होतं.