गिअरबॉक्सच्या ऑइलवर ३८,५०० रुपये घालावेत का?

प्रश्न तासगावच्या एका वाचकांचा आहे. थोडक्यात असा: "माझं कृषी सेवा केंद्र आणि चार एकर द्राक्षबाग आहे. २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स ऑटोमॅटिक घेतली, आता १ लाख १६ हजार किलोमीटर झालेत. १ लाखाला वॉरंटी संपली, वाढीव घेतली नव्हती. पुण्याचा एक गिअरबॉक्सवाला म्हणतो, ऑइल आणि फिल्टर आत्ता बदला, मशीनने फ्लश करून ३८,५०० होतील. नाही केलं तर उद्या गिअरबॉक्स उतरवायला साडेतीन लाख धरून चाला. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार म्हणतो, हे ऑइल बदलायची गरजच नाही, तरी आग्रह असेल तर चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवून फिल्टरसकट २२,००० मध्ये करून देतो. घरात म्हणतात, हे पैसे मुलीच्या एसआयपीत टाका. मेहुणे म्हणतात, गाडीच काढा. अडीअडचणीसाठी १ लाख ६० हजार बाजूला आहेत, गाडीचा हप्ता ४२,०००. गाडी अजून पाच वर्षं तरी वापरायची आहे. काय करावं?"

नमस्कार. आधी उत्तर सांगतो, हिशोब मागून. खर्च करा, पण ३८,५०० चा नको. २२,००० वालं काम करून घ्या, त्याआधी एक छोटी तपासणी करा, आणि पुढच्या महिन्यापासून गाडीचं वेगळं खातं सुरू करा. या तिन्हीत मला तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण ओघाने येऊ.

तुम्हाला दोन तज्ज्ञांनी दोन उलटी मतं दिली आणि तुम्ही गोंधळलात. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांची गरज वेगळी आहे, इतकंच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइलवर कामं फार असतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, क्लच प्लेटा त्याच्याच दाबाने दाबल्या जातात, आणि आतली उष्णताही तेच बाहेर काढतं. तापून तापून ते जुनं होतं, प्लेटांची झीज त्यात मिसळते, चेंबरमधल्या फिल्टरवर आणि चुंबकांवर गाळ बसतो. शहरात एकट्याने चालवलेल्या गाडीत हे सावकाश होतं. तुम्ही उन्हाळ्यात खताची पोती भरून महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने चिपळूण करता असं लिहिलंय. तुमच्या ऑइलचं वय किलोमीटरवर मोजून चालणार नाही.

झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी. तिचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणाऱ्या अनेक मोटार कंपन्या ग्राहकाला सांगतात की ऑइल आयुष्यभरासाठी भरलंय. खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यात बदला असं सांगते. तुमच्या हायलक्सचा सहा गिअरचा बॉक्स झेडएफचा नाही, आयसिन या जपानी कंपनीचा आहे; तेव्हा हा आकडा तुमच्या गाडीला जसाच्या तसा लावू नका. पण यातून एक गोष्ट दिसते. गाडी विकणाऱ्याला वॉरंटीपर्यंतचा काळ दिसतो, तुम्हाला त्यापुढचा. सल्लागाराची जबाबदारी १ लाखाला संपली, तुमची तिथून सुरू झाली. त्यांना एवढंच विचारा: मॅन्युअलमध्ये भार, धूळ आणि डोंगरी रस्त्यांसाठी देखभालीचा जो वेगळा तक्ता असतो, तो उघडून दाखवा. तोंडी "गरज नाही" ऐकून परतू नका.

आता हिशोब. २२,००० खर्चून तुम्ही साडेतीन लाखांच्या एका संभाव्य खर्चाची शक्यता कमी करताय. २२,००० ला साडेतीन लाखांनी भागलं की साधारण सव्वासहा टक्के येतात. म्हणजे पुढच्या पाच वर्षांत गिअरबॉक्स बिघडण्याची शक्यता या कामाने सहा-सात टक्क्यांनी जरी खाली आली, तरी पैसे वसूल. शंभर हायलक्स तुमच्यासारख्याच वापरल्या, तर ऑइल बदलल्याने त्यातल्या सात गाड्यांचे बॉक्स वाचतील का? तुमच्या घाटांकडे आणि पोत्यांकडे बघता मी वाचतील या बाजूने पैसे लावीन.

एक गोम मात्र आहे. साडेतीन लाखांचा आकडा दिला कोणी? ज्याला ३८,५०० चं काम हवंय त्यानेच. मी तो निम्म्याच्या आसपास आणून बघतो, अशा वेळी नेहमीच बघतो. दुरुस्ती दोन लाखांत भागणार असेल तर पैसे वसूल होण्याचा हा आकडा सव्वासहावरून अकरा टक्क्यांवर जातो. तरीही मी काम करीन, पण ३८,५०० ला नाही. तिथे तो एकोणीस टक्क्यांच्या वर जातो आणि माझा हात आखडतो. गाडी वर्षभरात विकायची असती तर २२,००० सुद्धा नको म्हटलं असतं. पाच वर्षं वापरायची म्हणताय म्हणून हे गणित जमतंय.

मशीन फ्लशमध्ये नेमकं काय मिळतं? चेंबरचा बोल्ट काढला की सगळं ऑइल येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहतं. मशीन ते एका फेरीत बदलतं, हा त्याचा फायदा. पण चेंबर न उतरवता नुसतं फ्लश केलं तर फिल्टर जुनाच राहतो, आणि क्लिनर टाकून दाब दिला की बसलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीकडे, म्हणजे ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या नाजूक भागाकडे, सरकायची भीती. त्याऐवजी चेंबर उतरवून फिल्टर आणि पॅकिंग बदला, चुंबक पुसा, नवं ऑइल भरा. मग पुढच्या इंजिन सर्व्हिसला नुसतं खालून ऑइल सोडून तेवढंच भरा. पहिल्या वेळी निम्मं जुनं निघालं असं धरलं, तर दुसऱ्या वेळेनंतर पाऊण भाग नवं झालेलं असतं. दुसऱ्या खेपेचे ऑइल-मजुरीसकट ९,००० धरा. एकूण ३१,०००, आणि तेही दोन हप्त्यांत.

पुढचा असा बदल ८० हजार किलोमीटरनंतर धरू. किलोमीटरला ३९ पैसे पडले. तुमची गाडी लिटरला दहा देते म्हणता. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसत्या डिझेलचे ९ रुपये. टायरचा सेट ६४,००० चा आणि ५० हजार किलोमीटर टिकतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे टायरचे १ रुपया २८ पैसे. टायर बदलताना घरात कोणी एसआयपी काढत नाही, कारण गुळगुळीत झालेला टायर डोळ्यांना दिसतो. ऑइल दिसत नाही, एवढाच फरक.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. २२,००० रुपये दहा वर्षं इक्विटी फंडात राहिले आणि वर्षाला १२ टक्के मिळाले, तर साधारण ६८,००० होतात. १२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, पण त्यांचा विचार रास्त आहे. फक्त उद्या रस्त्यात गिअरबॉक्स बसला तर तुम्ही पैसा कुठून आणाल? हाताशी १ लाख ६० हजार, म्हणजे हप्ता आणि घरखर्च धरला तर दोन महिन्यांची सोय. मग मोडली जाईल ती मुलीचीच एसआयपी, आणि बाजार पडलेला असेल तर नुकसानीत. तिला हात लागू नये म्हणूनच हे ऑइल. वहिनींना माझा हिशोब वाचून दाखवा. त्यांना तो न पटल्यास मला त्यांचं कारण वाचायला आवडेल.

मेहुण्यांच्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. तुमची गाडी त्या वर्षी ऑटोमॅटिकमध्ये ३६ लाख ८० हजारांना, एक्स-शोरूम, बाजारात आली होती. पहिल्या वर्षांतली किमतीची मोठी घसरण तुमची सोसून झालीय. आता २२,००० वाचवायला ती विकून नव्या कर्जाचा हप्ता चालू करणं मला पटत नाही.

जाण्याआधीची तपासणी अशी. गाडी डी किंवा आरमध्ये टाकताना झटका बसतो का, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही असं होतं का, हे आठवून लिहून काढा. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावायला सांगा, आणि आधी थोडंसं ऑइल काढून दाखवायला सांगा. जुनं ऑइल काळपट असणारच, घाबरू नका. पण जळका वास आला किंवा चेंबर उघडल्यावर चुंबकावर बारीक लोण्यासारख्या थराऐवजी धातूचे तुकडे सापडले, तर काम तिथेच थांबवा. त्या अवस्थेत ऑइल बदलणं ही दुरुस्ती नव्हे. "जुन्या बॉक्सचं ऑइल बदललं आणि बॉक्स गेला" असं गावोगाव ऐकू येतं, ते बहुतेक अशाच आधीच झिजलेल्या बॉक्सचं असतं. तेव्हा २२,००० वाचवा आणि दुरुस्तीच्या पैशाची तयारी करा.

ऑइल टोयोटाच्या डब्ल्यूएस ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं, पार्ट्सच्या काउंटरवरून, बिलासकट. "चालतंय तेच" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. या बॉक्सला डिपस्टिक नाही. ऑइल ठरावीक तापमानाला आलं की ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून लेव्हल बघावी लागते. म्हणून चौकातला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी स्कॅनरशिवाय हे काम त्याला देऊ नका. बिल जपून ठेवा. विकताना घेणाऱ्यापुढे ते टाकता येतं.

विम्याच्या भरवशावर राहू नका. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. इंजिन-गिअरबॉक्सचं वेगळं कव्हर घेतलं असलं तरी त्याचा मुख्य उपयोग पाणी शिरण्यासारख्या प्रसंगी, ऑइल जुनं झाल्याने बसलेल्या बॉक्ससाठी नव्हे. पीककर्जाचे पैसे याकडे वळवायचा विचार तुम्ही जाता जाता लिहिलाय, तो सोडा. किसान क्रेडिट कार्डाचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज ४ टक्क्यांना पडतं ते वेळेत फेडलं तरच, आणि बागेची औषधं-मजुरी त्यातूनच भागते.

कराचं थोडक्यात. केंद्राचे हिशोब वह्या ठेवून दाखवत असाल तर धंद्याच्या वापराइतका हा खर्च नफ्यातून वजा होतो. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवण्याच्या अनुमानित योजनेत असाल तर वेगळी वजावट नाही. बागेसाठी जितकी गाडी फिरते तितका वाटा वजा धरू नका, कारण शेतीचं उत्पन्नच करमुक्त आहे. बिलावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळेल का, हे गाडीची नोंदणी कशी आहे त्यावर आहे. आरसी घेऊन तुमच्या सीएंना भेटा.

आता ते खातं. तुमची गाडी वर्षाला तीस हजारांच्या आसपास चालते. किलोमीटरला दोन रुपये बाजूला काढा, म्हणजे महिन्याला ५,०००. अडीअडचणीच्या पैशात मिसळू नका. वेगळं आवर्ती खातं किंवा लिक्विड फंड चालेल. टायर, बॅटरी, ब्रेक, हे ऑइल, सगळं यातूनच. वर्षात ६०,००० जमतात. टायर वगळता मोठं काही निघालं नाही, तर दोन-तीन वर्षांत गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा काही भार तरी हे खातं उचलेल. आजचे २२,००० या खात्यात अजून नाहीत, म्हणून ते १ लाख ६० हजारांतून घ्या आणि पहिले साडेचार महिने हे ५,००० तिकडेच परत भरा.

काम ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकून घ्या. जानेवारीपासून माल निघायला लागला की गाडी दोन दिवस उभी ठेवायची तुमची हिंमत होणार नाही, आणि तेव्हा भाड्याने गाडी घेतलीत तर ते भाडंही या हिशोबात धरावं लागेल.