पाळी थांबली याचा आनंद मानू नकोस

प्रिय बाय,

चार महिने पाळी आली नाही आणि तू लिहितेस, "कटकट गेली, आता पळायला मोकळी." ते वाचून जीव खालीवर झाला. फोनवर तू हो-हो करून विसरशील, म्हणून लिहून पाठवते.

आधी सरळ विचारते. दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? असेल तर आजच मेडिकलमधून किट आणून तपासून घे. मला सांगायला लाजू नकोस, मी रागावणार नाही. ती शक्यता नसेल, तर माझा पहिला संशय तुझ्या ताटावर आहे. चवथीला तू नेवरी (करंजी) मोडून अर्धी परत ताटलीत ठेवलीस. जेवायला बसलीस तेव्हा भात बाजूला सारून नुसती काकडी खाल्लीस. वर रोज सकाळी मिरामारला पळणं. सहा महिन्यांत नऊ किलो उतरवले म्हणून सगळे तुझं कौतुक करत होते, मला मात्र तुझे खांदे बघवत नव्हते.

मिळकत आटली की घरातलं शहाणं माणूस सणवार आवरतं आणि चूल तेवढी चालू ठेवतं. शरीरही तेच करतं. पोटात जातं त्यापेक्षा खर्च जास्त होतोय हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं. तिथून पिट्युटरी ग्रंथीला जाणारे संदेश मंदावतात, अंडाशयात बीज पिकत नाही, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घसरतं आणि पाळी थांबते. चरबीत तयार होणारं लेप्टिन हे संप्रेरक 1994 साली सापडलं, तेही हा निरोप पोचवतं. पाळी टिकायला अंगात साधारण 22 टक्के चरबी हवी, असं रोझ फ्रिश आणि जेनेट मॅकआर्थर या संशोधक बायकांनी 1974 साली मांडलं होतं. आज तो आकडा कोणी तेवढा ठाम धरत नाही, कारण वजन बेताचं असलं तरी खाणं कमी आणि व्यायाम फार झाला की पाळी जाऊ शकते. म्हणून "माझा बीएमआय 19 आहे, मी कुठे बारीक?" हे तुझं उंचीच्या मानाने वजन मोजून केलेलं म्हणणं मला पटत नाही.

मला खरी काळजी तुझ्या हाडांची आहे. खाणं सुधारलं की पाळी बहुतेक वेळा परत येते, हाडांची झीज मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही. विशीत हाडं अजून भरत असतात आणि नेमकं तेव्हाच तुझं इस्ट्रोजेन कमी पडतंय. अशा मुलींच्या नडगीला पळून पळून बारीक चीर जाते. तुझी डावी नडगी दुखते म्हणालीस ना? ती डॉक्टरांना दाखवेपर्यंत पळणं बंद.

मैत्रिणीने सांगितलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, तो गोळ्यांच्या चक्रामुळे. मूळ कारण तसंच राहतं आणि तुला वाटतं सगळं ठीक आहे.

तुझ्या रूमवरच्या मुलीचं उलट आहे. वजन वाढलंय, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते आणि आली की थांबत नाही. तिला पीसीओडी, म्हणजे संप्रेरकं बिघडून होणारा अंडाशयाचा त्रास, असू शकतं. त्यात रक्तातलं इन्सुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात आणि बीज सुटत नाही. तिने वजन 5 ते 10 टक्के जरी उतरवलं तरी अनेकदा पाळी सुधारते. सत्तर किलोची असेल तर साडेतीन ते सात किलो, तेही सावकाश. तुझा डाएट तिला मुळीच देऊ नकोस. आणि पीसीओडी बारीक मुलींनाही होतं, तेव्हा तपासल्याशिवाय कोणी स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका.

तू सकाळी उकड्या तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील घे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दुपारी पोटभर शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी), सोबत बांगडा किंवा तारले. संध्याकाळी भूक लागली तर अंडं आणि अख्खी पोई (गव्हाचा पाव). घास घेताना भीती वाटत असेल, खाल्ल्यावर स्वतःचा राग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. त्यावर उपचार आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या आठवड्यात बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, स्त्रीरोग ओपीडीत जा. गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा, वजन किती होतं, किती झालं आणि रोज किती पळतेस, हे कागदावर लिहून ने. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन या तपासण्या बहुधा सांगतील, गरज वाटली तर सोनोग्राफीही. आईशी बोलायला अवघड वाटत असेल तर तसं कळव, मी तिच्याशी बोलते. सकाळी लवकर निघ, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, आणि उपाशी जाऊ नकोस.

तुझी,
मावशी