साधे पान आणि नेटकी चर्चा

प्रश्न : आमच्या वाचनमंडळाचे चर्चेचे संकेतस्थळ नव्याने बांधायचे आहे. ‘हॅकर न्यूज’ हे अमेरिकेतले चर्चास्थळ वर्षानुवर्षे अगदी साध्या रूपात चालते आणि तरीही तिथे गर्दी असते. आम्हीही सगळी सजावट काढून टाकावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर काढा, मात्र काय काढायचे हे ठरवताना पान कसे दिसेल यापेक्षा त्यावर माणसे कशी वागतील, याचा विचार आधी करा. पॉल ग्रॅहम यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये, नवउद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या आपल्या ‘वाय कॉम्बिनेटर’ या संस्थेतर्फे हे स्थळ सुरू केले. वर नारिंगी पट्टी, खाली सदस्यांनी सुचवलेल्या मजकुरांची तीस शीर्षके आणि प्रत्येकाखाली करड्या अक्षरांत पसंतीचे गुण, सुचवणाऱ्याचा आयडी, वेळ व प्रतिसादांची संख्या, एवढाच त्याच्या मुखपृष्ठाचा पसारा आहे. लिहिणाऱ्याचे छायाचित्र नसते, प्रतिसादात चित्र टाकता येत नाही आणि इमोजीही गाळले जातात; त्यामुळे मत मांडायचे तर वाक्येच लिहावी लागतात.

यापुढची काटछाट मला अधिक मोलाची वाटते. दुसऱ्याच्या प्रतिसादाला किती गुण मिळाले हे २०११ पासून दाखवले जात नाही, म्हणून आकडा पाहून मत बनवण्याची सोय उरत नाही. प्रतिसादाला नापसंती देण्याचा बाण स्वतःचे एकूण ५०० गुण झाल्याखेरीज सदस्याला दिसतच नाही. दोघांचीच जुंपली आणि धागा, म्हणजे उत्तराखाली उत्तर अशी साखळी, खोल जाऊ लागला, की उत्तर देण्याची सोय काही काळ नाहीशी होते. शिवाय कोणी उत्तर दिल्याची सूचनाही येत नाही. रागाच्या भरात लिहिणाऱ्याला अशी उसंत मिळाली, तर पुष्कळ भांडणे तिथेच विरतात, असे माझे ठाम मत आहे.

तरीही केवळ रूपावर विसंबू नका. या साध्या पानामागे धागे वाचणारे, भडक शीर्षके बदलणारे आणि सदस्यांना नावानिशी समजावणारे पगारी नियामक आहेत. तुमच्या मंडळात हे काम कोण करणार, ते आधी ठरवा.

दोन गोष्टी मात्र तिथून उचलू नका. तिथली अक्षरे फार बारीक आहेत. रोमन लिपीत ती कशीबशी खपतात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरे असल्यामुळे त्याच आकारात ‘द्ध’ आणि ‘द्य’ यांतला फरकही कळेनासा होतो. अक्षर मोठे ठेवा आणि ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी करू नका. तिथे नापसंती मिळालेला प्रतिसाद फिकट होत जातो. तेही टाळा, कारण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर ४.५ : १ पेक्षा खाली गेले, की दृष्टी मंदावलेल्या वाचकांना मजकूर वाचणे अवघड जाते, आणि वाचनमंडळात असे ज्येष्ठ सदस्य असणारच. नापसंत प्रतिसाद झाकून ठेवा; ज्याला वाचायचा असेल तो उघडून वाचेल, आणि तेव्हा तो पूर्ण काळ्या अक्षरांत दिसू द्या.