फॅसिस्ट राजवटीतल्या युवक संघटनांवर संशोधन करताना माजी सदस्यांच्या आठवणींवर किती भरवसा ठेवावा?

लघुप्रबंधाची सुरुवात कुठून करू आणि तेव्हा संघटनेत असलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती किती खऱ्या मानू, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. पहिल्याचं उत्तर चार ओळींत संपेल. दुसऱ्यावरून माझं आणि माझ्या गाईडचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे ते लांबणार.

मी गोव्याचा. माझा विषय मोसिदाद पोर्तुगेझा, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने 1936 साली काढलेली पोरांची संघटना. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात. मुसोलिनीच्या इटलीतली बालिला आणि नाझी जर्मनीतली हिटलर युगंड या पोरांच्या संघटनांचे नमुने समोर होतेच. हिरवा शर्ट, खाकी चड्डी आणि पट्ट्याच्या बकलावर ठसठशीत 'एस'. अधिकृत अर्थ 'सर्विर', सेवा करणे. त्यात सालाझारचा एस कुणाला दिसला नसेल यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. वयाप्रमाणे गट होते: सात वर्षांपासून लुझितो, मग इन्फांत, मग वांगुआर्दिस्त, सतराच्या पुढे कादेत. 1937 मध्ये मुलींसाठी वेगळी शाखा निघाली. 1940 ते 44 या काळात संघटनेचा प्रमुख होता मार्सेलो काएतानो, जो पुढे 1968 मध्ये सालाझारच्या खुर्चीवर बसला. इतकं तुम्ही वाचलेलं असणारच.

माझे मोठे मामा त्यात होते. म्हापशाहून कारेरने, म्हणजे बसने, बेतीपर्यंत, तिथून गॅसोलीनने, म्हणजे लाँचने, मांडवी ओलांडून पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात. घरात ही गोष्ट कुणी काढत नसे. धाकट्या मामांनी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहाची पत्रकं वाटली होती, ते मात्र दर 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, ऐकायला मिळायचं. मी 2009 मध्ये टेपरेकॉर्डर घेऊन गेलो तेव्हा मामी आतूनच म्हणाली, "कित्याक जाय तुका तें?" (कशाला हवंय तुला ते?) मामा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि मोसिदादचा तो पट्टा घेऊनच बाहेर आले. बकलावरचा एस चिंचेने घासल्यासारखा लख्ख. चामड्याला कारखान्याच्या भोकांच्या आत आणखी तीन भोकं होती, कडा जळलेल्या. आजोबांनी खिळा तापवून पाडलेली, कारण मामा तेव्हा काडीपैलवान होते आणि पट्टा दोनदा गुंडाळला जाईल एवढा लांब.

मग दोन तास मामा बोलत राहिले. पायात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट आले ते या कवायतीमुळे. खरा फुटबॉल, चामड्याचा, तिथेच लाथाडायला मिळाला. शनिवारी दुपारी घरी दुकानावर बसावं लागत नसे, कारण 'सरकारी काम' म्हटलं की आजोबांची बोलती बंद. सालाझारबद्दल विचारलं तर म्हणाले, त्याचा फोटो भिंतीवर होता, फळ्याच्या वर, आम्ही फळ्याकडेही बघत नसू.

हे मी प्रबंधात जसंच्या तसं घातलं. गाईडने तांबड्या शाईने एकच शब्द वर लिहिला: 'सक्तीने'. "विद्यार्थ्यांना सक्तीने भरती करण्यात आले." मी म्हटलं, सर, ते मजेत गेले होते. सर म्हणाले, हुकूमशाहीत मजा हा पुरावा नसतो, ती आठवणीने नंतर फासलेली साखर असते. तीन महिने मी भांडलो. मग शिष्यवृत्तीची मुदत आली आणि मी शब्द घातला. बांधून आलेली प्रत मामांनी चष्मा लावून वाचली, त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माका कोणें सक्ती केल्ली रे?" त्यानंतर दीड वर्षाने ते गेले. शब्द अजून तिथेच आहे.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: बूट, चेंडू आणि शनिवारची सुटका हीच त्या यंत्राची खरी कळ होती. जर्मनी बघा. तरुणांना प्रत्यक्ष सक्तीने ओढायचे आदेश मार्च 1939 मध्ये निघाले. पण 1936 च्या अखेरीसच हिटलर युगंडमध्ये पन्नास लाखांच्या वर पोरं होती. बाकीच्या संघटना मोडून टाकल्या होत्या, शाळेतून दडपण होतं, सगळं मान्य. तरी तंबू, शेकोटी आणि आईबापांवर डाफरण्याची मुभा हे आमिष नव्हतं असं म्हणणारा माणूस कधी चौदा वर्षांचा नव्हता. 'सक्ती' लिहून टाकलं की संशोधकाला पुढे काही शोधायलाच नको. पोरगं बिचारं, राजवट दुष्ट, प्रकरण संपलं.

तेव्हा मुलाखतीत 'तुम्ही का गेलात' हे विचारूच नका. का विचारलं की माणूस एक तर माफी मागतो नाहीतर भाषण देतो. गणवेशाचे पैसे कुणी भरले ते विचारा. कोण पोरगा कवायतीला येत नसे आणि त्याचं काय झालं ते विचारा. हात पुढे करून सलाम ठोकताना पहिल्यांदा कसं वाटलं, हसू आलं का, ते विचारा. मामांना आलं होतं.

बाकी सुरुवात: गोव्यापुरतं काम असेल तर पणजीतलं पुराभिलेख खातं आणि कृष्णदास शामा ग्रंथालयातली जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं. नेमणुका आणि फर्मानं 'बोलेतीं ऑफिसियाल' या सरकारी राजपत्रात सापडतात. लिस्बनला जाणं जमलं तर तोर्रे दो तोंबू, म्हणजे तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार. पोर्तुगीज शिकावीच लागेल, भाषांतरांवर भागत नाही. इटली किंवा जर्मनी घेणार असाल तर मी फारसा उपयोगाचा नाही.

आता थोडं माझ्या विरुद्धचंही सांगतो, नाहीतर इथेच कुणीतरी सांगेल. पोर्तुगालमध्ये शाळकरी मुलांना मोसिदादचं सदस्यत्व कायद्यानेच बंधनकारक होतं, त्यामुळे गाईडचा शब्द कागदावर चूक नव्हता. आणि मामांची मोसिदाद 1950 नंतरची. दुसऱ्या महायुद्धात हिटलर-मुसोलिनी पडल्यावर तिने लष्करी थाट बराच उतरवला होता आणि खेळांवर भर दिला होता. 1938 च्या लिस्बनमधल्या पोराने वेगळंच सांगितलं असतं. सालाझारला फॅसिस्ट म्हणावं का यावर इतिहासकारांची वेगळी मारामारी चालू आहे. तिच्यात लघुप्रबंधाचं एक प्रकरण वाया घालवू नका.

आणखी एक, जे मी गाईडला कधी सांगितलं नाही. मामांच्या बाराव्याला मामीने सहज विषय काढला. पट्टा त्यांनी लग्नानंतरही कितीतरी वर्षं वापरला होता, साधं बकल लावून. एसवालं बकल सुपारीच्या जुन्या डब्यात पडून होतं. मी मुलाखतीला येणार असं कळल्यावर आदल्या रात्री त्यांनी ते शोधून काढलं, घासलं आणि पुन्हा पट्ट्याला बसवलं.